सहा बिंदूंची बाराखडी

वाचता येणं ही गोष्ट आपण फार गृहीत धरून चालतो. सहाव्या-सातव्या वर्षी कधीतरी सुटी सुटी अक्षरं एकमेकांना चिकटून त्यांचे शब्द होऊ लागतात आणि मग आयुष्यभर आपण वाचतच राहतो. दुकानांच्या पाट्या, बसवरचे फलक, लग्नपत्रिका, भेळ संपल्यावर हातात उरलेला कागद, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं. श्वास घेताना जसं कुणी ‘मी आता श्वास घेतोय’ असं म्हणत नाही, तसं वाचताना ‘मी आता वाचतोय’ असंही कुणी म्हणत नाही. वाचन थांबतं तेव्हाच ते किती ठिकाणी पसरलेलं होतं हे ध्यानात येतं.

माझं वाचन थांबलं ते काचबिंदूमुळे. हा आजार मोठा अबोल. बहुतेकदा तो दुखत नाही, खुपत नाही. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू झिजत जाते. नजर आधी कडेकडेने जाते, समोरचं दिसत राहतं, त्यामुळे माणसाला पत्ताही लागत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा दिसू लागतं, तसं इथे होत नाही. गेलेली नजर गेलीच. उपचार करायचे ते उरलेली राखण्यासाठी. (चाळिशी उलटलेल्या वाचकांनी डोळ्यांचा दाब एकदा तपासून घ्यावा, हे जाता जाता सांगून ठेवते.) माझे उपचार झाले, दोन शस्त्रक्रियाही झाल्या. तरी साठीच्या आसपास छापील अक्षर माझ्या हातून सुटलं. अंधुक उजेड कळतो, दारात कुणी उभं राहिलं तर सावली कळते, पण अक्षर नाही. तेहतीस वर्षं प्राथमिक शाळेत मुलांना मराठी वाचायला शिकवलेल्या बाईची ही गत.

घरच्यांनी काही उणं पडू दिलं नाही, हे आधीच सांगायला हवं. यजमान रोज सकाळी चहाबरोबर पेपर वाचून दाखवू लागले. सूनबाई बँकेचे कागद वाचून दाखवते, नातू त्याच्या गोष्टीच्या पुस्तकातल्या गोष्टी मला वाचून दाखवतो. पूर्वी हे काम माझं होतं, आता उलटी गंगा. पण काही महिन्यांनी एक गोष्ट लक्षात आली. शेजारणीशी बोलताना सहज कळलं, की माझ्याबरोबर वीस वर्षं नोकरी केलेल्या एका बाईंचं निधन होऊन तीन आठवडे झाले होते. पेपरात आलं होतं. यजमानांनी वाचलं होतं. ‘तुला उगीच त्रास नको’ म्हणून ते तेवढं गाळून पुढे गेले होते. त्यात मायाच होती, त्यांना दोष कसा द्यायचा? पण त्या दिवशी मला नीट उमगलं, की दुसऱ्यानं वाचून दाखवलेलं म्हणजे दुसऱ्यानं निवडलेलं. आपलं वाचन गेलं की आपण काय जाणायचं हेही दुसऱ्याच्या हाती जातं.

‘मग फोन आहे की! आता फोन बोलतात,’ असं मला ज्यानं त्यानं सांगितलं. खरंच आहे ते. पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवण्याची सोय आज साध्या फोनमध्येही असते. २०१६ साली सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयामुळे न दिसणाऱ्यांना घरबसल्या पुस्तकं मिळू लागली. मी हे सगळं वापरते आणि त्याला नावं ठेवणार नाही. पण ऐकणं वेगळं आणि वाचणं वेगळं. ऐकताना वेग सांगणाऱ्याचा असतो. एखाद्या वाक्यापाशी थबकावं, दोन शब्द मागे जावं, एखादं विशेषण जिभेवर घोळवावं, ही चैन ऐकण्यात नाही. शिवाय कानाला शुद्धलेखन कळत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला एकच. एक दिवस आणि दुसरा दरिद्री, हे कागदावरच कळतं. ज्या बाईनं जन्मभर मुलांच्या वह्यांतल्या ऱ्हस्व-दीर्घाला लाल शाईनं गोल केले, तिच्या मनातली अक्षरंच पुसट होऊ लागली तेव्हा मात्र मी घाबरले. ‘ब्रेल शिकायचं,’ असं मी घरात जाहीर केलं तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते.

आठवड्यातून दोन दिवस एका संस्थेच्या वर्गात जायचं ठरलं. शिकवणारा मुलगा असेल अठ्ठावीसेक वर्षांचा, माझ्या धाकट्याहून लहान. जन्मापासून दृष्टी नाही. मी शिक्षिका होते हे कळल्यावर तो मला ‘बाई’ म्हणू लागला आणि मी त्याला ‘सर’. मी एकेरीत बोलावं असं त्याचं म्हणणं होतं, पण जो अक्षर शिकवतो त्याला अहो-जाहोच करायचं, हा माझा जुना नियम मी मोडला नाही.

पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, ‘‘बाई, पत्त्यांतली छक्की आठवते?’’ उन्हाळ्याच्या सुट्टीत पत्ते कुटलेल्या कुणाला आठवणार नाही? दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन ठिपके. ब्रेलचं घर नेमकं तसंच असतं. डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन. उजवीकडे चार, पाच, सहा. या सहा जागांपैकी कुठे उठाव आहे आणि कुठे नाही यावरून अक्षर ठरतं. हिशेब केला तर अशा त्रेसष्ट खुणा होतात आणि चौसष्टावं ते मोकळं घर. नुसता पहिला बिंदू म्हणजे ‘अ’. एक-दोन म्हणजे ‘ब’, एक-तीन म्हणजे ‘क’. एक-दोन-तीन ही डावीकडची अख्खी रांग म्हणजे ‘ल’.

डोक्याला हे अर्ध्या तासात कळलं. पण बोटाला? बोटाला काही केल्या कळेना. कागदावर हात ठेवला तर सगळीकडे नुसता रवाच पसरलेला. आमच्या पिढीतल्या बायकांनी तव्यावरची पोळी बोटांनीच उलटली आहे, त्यामुळे बोटांच्या टोकाची कातडी राठ झालेली. आपण दाबून पाहिलं तर जास्त कळेल असं वाटतं, घडतं नेमकं उलटं. दाबलं की कातडी बधिर होते आणि ठिपके एकमेकांत मिसळतात. ‘‘बाई, घासू नका. तवा तापलाय का बघताना वरून हात नेता ना, तसा हलका हात ठेवा,’’ असं सर सांगायचे. बोटाचं टोक नव्हे, तर नखामागचा मऊ भाग टेकवायचा आणि वर-खाली न चाचपता डावीकडून उजवीकडे सरकत जायचं, कारण बोट हलत असतं तेव्हाच त्याला उठाव कळतो. उजवा हात वाचतो आणि ओळ संपत आली की डावा हात पुढची ओळ शोधून ठेवतो. पंगतीत एक वाढपी भात वाढत असताना दुसरा वरण घेऊन मागे तयार असतो, तसं हे काम.

सहाच बिंदू का, दहा किंवा बारा का नाहीत? हे मी सरांना विचारलं आणि त्यांनी मला लुई ब्रेलची गोष्ट सांगितली. ती आपल्याला शाळेच्या पुस्तकामुळे अर्धवट ठाऊक असते. पॅरिसजवळच्या कूव्रे गावी ४ जानेवारी १८०९ रोजी जन्मलेला हा मुलगा. वडील घोड्यांचं खोगीर-लगाम बनवणारे. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कारखान्यात खेळता खेळता आरी डोळ्यात गेली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यात पसरला आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले. दहाव्या वर्षी तो पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला. तिथली पुस्तकं म्हणजे आपलीच छापील अक्षरं, फक्त कागदावर उठवलेली. एकेक अक्षर बोटानं गिरवत ओळखायचं. वाक्याच्या शेवटाला यावं तो सुरुवात विसरलेली. पुढे शार्ल बार्बिए नावाच्या लष्करी माणसानं काढलेली बारा ठिपक्यांची लिपी शाळेत आली. ठिपके बोटाला चटकन कळत, पण एक खूण बोटाच्या टोकाखाली मावत नसे. बोट वर-खाली करावं लागे. लुईनं ती निम्मी केली. सहा बिंदू एका बोटाखाली एकदम मावतात. शोधाचं सगळं मर्म इतकंच. ही मांडणी केली तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. १८२९ साली त्यानं ती पुस्तकरूपानं मांडली. १८५२ मध्ये तो वारला आणि १८५४ साली त्याच्या लिपीला अधिकृत मान्यता मिळाली.

बोटाच्या टोकाला दोन टोचण्या वेगळ्या म्हणून ओळखता येण्यासाठी त्यांच्यात साधारण दोन-तीन मिलिमीटर अंतर लागतं, आणि ब्रेलच्या दोन बिंदूंमधलं अंतर आहे अडीच मिलिमीटरच्या आसपास. पंधरा वर्षांच्या मुलानं हे माप कुठल्या प्रयोगशाळेत नव्हे, तर स्वतःच्या बोटावर काढलं.

आता फ्रान्समधली ही लिपी मराठीत कशी आली? पूर्वी हिंदुस्थानात ठिकठिकाणी वेगवेगळ्या ब्रेल पद्धती चालत. एका शाळेतलं मूल दुसऱ्या शाळेत गेलं की पुन्हा श्रीगणेशा. १९५१ साली ‘भारती ब्रेल’ ही सर्व भारतीय भाषांसाठी एकच पद्धत स्वीकारली गेली. तिचं तत्त्व साधं आहे: जो उच्चार, तीच खूण. इंग्रजी ‘के’ची जी खूण तीच आपल्या ‘क’ची, ‘एम’ची ती ‘म’ची. आणि मराठी ‘क’ची जी खूण तीच बंगाली, तमिळ, गुजराती ‘क’चीही. डोळसांच्या लिप्या प्रांताप्रांतात वेगळ्या, बोटांची मात्र एक. आपल्याला हावडा स्टेशनवरची बंगाली पाटी वाचता येत नाही, पण ब्रेल जाणणारा मराठी माणूस बंगाली पानावरचे उच्चार बोटानं ओळखू शकतो, अर्थ कळो न कळो.

मराठीच्या शिक्षिकेला यात किती गमती सापडाव्यात! आपण पहिलीत ‘ण बाणातला’ शिकवतो, कारण ‘ण’नं सुरू होणारा शब्द आपल्याकडे सापडत नाही. ब्रेलमध्ये तीन-चार-पाच-सहा ही खूण ‘ण’ची आहे आणि तीच खूण आकड्यांच्या आधी ‘पुढे अंक आहे’ हे सांगण्यासाठी वापरतात. घोटाळा होत नाही, कारण शब्दाच्या सुरुवातीला ती आली तर अंक, शब्दाच्या पोटात आली तर ‘ण’. जे अक्षर शब्दाच्या दारात कधी उभं राहत नाही, त्याची खूण दारावरच्या पाटीला वापरली आहे!

दुसरी गंमत वेलांटीची. छापील ‘दिवा’ लिहिताना पहिली वेलांटी ‘द’च्या आधी येते आणि उच्चारताना मात्र नंतर. पहिलीतली मुलं इथे हटकून अडतात. ब्रेलमध्ये द, इ, व, आ अशी सरळ उच्चाराच्या क्रमानं चार घरं. काना, मात्रा, वेलांटी, रफार हे वर-खाली लटकणारे सगळे दागिने उतरवून अक्षरं एका रांगेत बसतात. जोडाक्षर असलं तर त्याच्याआधी चौथ्या बिंदूची एक खूण येते आणि बोटाला आगाऊ सूचना मिळते, की पुढचं अक्षर अर्धं आहे, सांभाळून.

आणि मग ‘ल’ आणि ‘ळ’. डावीकडची पूर्ण उभी रांग म्हणजे ‘ल’, उजवीकडची पूर्ण उभी रांग म्हणजे ‘ळ’. म्हणजे बोटाखाली दोन्ही वेळा तीच तीन ठिपक्यांची उभी रेघ! ती घराच्या डाव्या भिंतीला आहे की उजव्या, हे आजूबाजूच्या अक्षरांपासूनच्या अंतरावरून ओळखायचं. नवशिक्याला ‘वेल’ आणि ‘वेळ’ यांत फरक कळायला महिने लागतात. सर हसून म्हणायचे, ‘‘बाई, वेळ कळायला वेळ लागतोच.’’

मला तो लागलाच. अक्षरं ओळखू यायला चार महिने, अक्षरांचे शब्द व्हायला आणखी तितकेच. मराठीतला पहिला शब्द सरांनी दिला तो ‘आई’. दोनच घरं. ‘आ’ म्हणजे तीन-चार-पाच, ‘ई’ म्हणजे तीन-पाच; मधला फरक एका ठिपक्याचा. तो ठिपका लागला आणि तो नाहीसा झाला, एवढ्या हालचालीत पूर्ण शब्द माझ्या बोटाखालून गेला. कुणी सांगितला नाही, कुणी निवडला नाही. हजारो मुलांना हा शब्द मी फळ्यावर लिहून दिला असेल. तो पहिल्यांदा वाचता आल्यावर मुलांचे चेहरे तसे का उजळत, ते मला निवृत्तीनंतर कळलं.

या वयात बोटं शिकतात का, असं पुष्कळजण विचारतात. शिकतात, फक्त सावकाश. मधुमेहानं बोटांची संवेदना कमी झालेल्यांना जड जातं, बाकीच्यांना सराव पुरतो. मेंदू तर त्याहून मोठा अवलिया. १९९६ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध झालं. लहानपणीच दृष्टी गेलेली माणसं बोटांनी ब्रेल वाचत असताना त्यांच्या मेंदूतला दृष्टीचा भाग कामाला लागतो, असं त्यात आढळलं. ओस पडलेल्या घरात नवा भाडेकरू यावा आणि त्यानं तिथे दिवा लावावा, तसंच हे. सरावलेले वाचक मिनिटाला शंभरावर शब्द वाचतात. माझी गाडी पंधरा-वीस शब्दांच्या वर अजून सरकत नाही. पण बैलगाडीतून जाणाऱ्याला झाडं जास्त दिसतात, तसं माझं झालं आहे. इतक्या सावकाश मी मराठी कधीच वाचली नव्हती.

शिकलेलं घरात उपयोगी पडू लागलं ते औषधांपासून. काचबिंदूच्या दोन बाटल्या, आकार सारखा; एक दोन वेळा घालायची, दुसरी फक्त रात्री. पूर्वी कुणी घरी येईपर्यंत मी थांबत असे. आता पाटी आणि स्टायलस घेऊन मीच चिकटपट्टीवर अक्षरं टोचली आणि बाटल्यांना लावली. पाटीवर लिहिताना उजवीकडून डावीकडे, उलटं टोचत जायचं. कागद उलटला की ते सुलट वाचता येतं. त्यानंतर मिठाचा आणि पिठीसाखरेचा डबा झाला, वीजबिलाची फाइल झाली. सूनबाई म्हणाली, ‘‘आई, तुमच्या स्वयंपाकघरात आता मलाच वाचता येत नाही.’’

पण खरा दिवस आला तो २०२४ च्या नोव्हेंबरात, विधानसभेच्या निवडणुकीत. आपल्या मतदान यंत्रावर प्रत्येक निळ्या बटणाशेजारी ब्रेलमध्ये अंक असतो, हे पुष्कळ डोळस मतदारांना माहीत नसतं. न दिसणाऱ्या मतदाराला सोबती नेण्याची मुभा आहे आणि आधीच्या निवडणुकीत मुलानं माझ्या वतीनं बटण दाबलं होतं. त्यानं मी सांगितलं तेच दाबलं, यात शंका नाही. पण मत गुप्त असतं म्हणतात ते माझ्या बाबतीत गुप्त राहिलं नव्हतं. या वेळी केंद्रावर मी ब्रेलमधली उमेदवारांची यादी मागून घेतली. वाचायला मला वेळ लागला, मागे रांग खोळंबली, पण कुणी कुरकुर केली नाही. मग आडोशामागे एकटी गेले, अंक चाचपला, बटण दाबलं. कोणतं, ते यजमानांनाही सांगितलं नाही. सांगायचं नाही, हेच तर मला परत मिळालं होतं.

माझ्यासारखीनं ब्रेल शिकणं ही म्हातारपणीची हौस म्हणून सोडून देता येईल. ज्या मुलांना जन्मापासून दिसत नाही त्यांचं काय? फोन बोलतो म्हणून त्यांना ब्रेल नको, असं म्हणणारे पालक मला वर्गात भेटले. डोळस मुलाच्या बाबतीत आपण असं म्हणतो का? मोबाइल गोष्ट सांगतो म्हणून कुणी आपल्या मुलीला अक्षर शिकवायचं सोडतं का? ज्या मुलानं शब्द फक्त ऐकला आहे, त्याला तो कसा लिहितात, वाक्य कुठे मोडतं, परिच्छेद कुठे बदलतो हे कळणार कसं? अडचणी आहेत, त्या नाकारत नाही. छापील एका पानाची ब्रेलमध्ये दोन-तीन पानं होतात, कागद जाड लागतो, एका कादंबरीचे चार-पाच ठोकळे होतात. टाचण्या वर-खाली होऊन ओळ उमटवणारी यंत्रं निघाली आहेत, पण ती बहुतेकांच्या खिशाला परवडत नाहीत. तरीही लोक काम करत आले आहेत. १९५२ साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘नॅब’नं पिढ्या घडवल्या. स्वागत थोरात यांनी २००८ साली ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. पुस्तक ब्रेलमध्ये आणायचं तर आधी त्याचा मजकूर कुणीतरी बिनचूक टाइप करावा लागतो, मग तो कुणीतरी ताडून पाहावा लागतो. आणि या कामाला डोळस माणसंच लागतात. शुद्धलेखन पक्कं असलेल्या, दुपार मोकळी असलेल्या निवृत्तांना याहून चांगलं काम मला तरी सुचत नाही.

घरात कुणाची नजर उतरू लागली असेल, तर त्यांना वाचून जरूर दाखवा. ती मोठी सेवा आहे. पण तेवढ्यावर थांबू नका. थोडं दिसतंय तोवरच त्यांना एखाद्या ब्रेल वर्गात नेऊन सोडा. त्यांची बोटं सुरुवातीला रुसतील, आठवडेच्या आठवडे काही कळणार नाही, ‘या वयात कशाला’ असं ते दहादा म्हणतील. म्हणू द्या. सहाच तर बिंदू आहेत.

आमच्याकडे सकाळचा पेपर अजूनही यजमानच वाचतात. फक्त आता निधनवार्ताही वाचतात, मी सांगितलं म्हणून. रात्री दिवे मालवले की मी माझा जाडजूड ठोकळा मांडीवर घेते. मला उजेड लागत नाही, त्यामुळे कुणाची झोपमोड होत नाही. रोज एक पान होतं, कधी दीडही. कथा संपायला महिना लागतो. पण ती कुठे थांबवायची, कुठे मागे जायचं, हे माझं मी ठरवते.